परिपूर्णतावाद (मानसशास्त्र)

परिपूर्णतावाद म्हणजे स्वतःसाठी किंवा इतरांसाठी अतिशय उंच मानके ठरवणे, त्या मानकांवरून कामाबरोबरच माणसाचेही मूल्य जोखणे आणि लहानशा त्रुटीलाही संपूर्ण अपयश मानणे, ही व्यक्तिमत्त्वातील प्रवृत्ती होय. मानसशास्त्रात परिपूर्णतावाद हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. तथापि नैराश्य, चिंताविकार, खाण्याचे विकार आणि कामातून येणारा मानसिक थकवा यांच्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

दैनंदिन बोलण्यात 'परफेक्शनिस्ट' हा शब्द बहुधा कौतुकाने वापरला जातो. संशोधक मात्र उत्कृष्टतेची ओढ आणि चुकीची धास्ती या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. बाहेरून पाहता दोन्हींतून नीटनेटके, काळजीपूर्वक केलेले काम दिसते. त्यांमागील मनोव्यापार मात्र भिन्न असतात. अचूकता हीच ज्यांच्या उपजीविकेची अट आहे, अशा पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामकाजाच्या उदाहरणावरून हा फरक विशेष स्पष्ट होतो.

व्याख्या आणि व्याप्ती

परिपूर्णतावादाची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. बहुतेक व्याख्यांत पुढील तीन बाबी समान आढळतात: उंच मानके, स्वतःचे कठोर मूल्यमापन आणि स्वतःची किंमत यशाशी जोडणे. यांपैकी पहिली बाब एकटी असेल तर तिला परिपूर्णतावाद म्हणणे योग्य ठरत नाही. शस्त्रक्रिया करणारा वैद्य, ब्रेकचा सुटा भाग तपासणारा निरीक्षक किंवा मुद्रितशोधक यांच्याकडून उच्च अचूकतेची अपेक्षा रास्तच असते. परिपूर्णतावादात त्या अपेक्षेला 'चूक झाली म्हणजे मी नालायक' असा निष्कर्ष जोडला जातो.

परिपूर्णतावाद जीवनाच्या एका क्षेत्रापुरता मर्यादित असू शकतो. कामाच्या ठिकाणी कमालीची काटेकोर असलेली व्यक्ती घरी अव्यवस्थित असणे, यात विसंगती नाही. त्याचप्रमाणे, टापटीप दिसणारी प्रत्येक व्यक्ती परिपूर्णतावादी असते असेही नाही.

संकल्पनेचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्फ्रेड ॲडलर यांनी न्यूनत्वाच्या भावनेवर मात करून श्रेष्ठत्वाकडे जाण्याची धडपड ही मानवी जीवनाची मूलभूत प्रेरणा मानली. कॅरेन हॉर्नाय यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'असेच असायला हवे' या आंतरिक आज्ञांच्या जुलमाचे वर्णन केले. त्याच दशकात आल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. 'मी प्रत्येक गोष्टीत यशस्वी झालोच पाहिजे' यांसारख्या हट्टी मागण्या भावनिक त्रासाच्या मुळाशी असतात, हे तिचे एक प्रमुख प्रतिपादन होते.

१९७८ मध्ये डॉन हमाचेक यांनी 'सामान्य' आणि 'विकृत' परिपूर्णतावाद असा भेद केला. पहिल्या प्रकारच्या व्यक्तीला कष्टसाध्य कामातून समाधान मिळते आणि प्रसंग पाहून ती अचूकतेचा आग्रह सैल करू शकते. दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीला केलेले काम कधीच पुरेसे चांगले वाटत नाही. १९८० मध्ये डेव्हिड बर्न्स यांनी परिपूर्णतावादामागील विचारदोषांकडे, विशेषतः 'सर्व काही किंवा काहीच नाही' या विचारपद्धतीकडे लक्ष वेधले. १९९० नंतर हा एकसंध गुण नसून अनेक घटकांचा समुच्चय आहे, हा दृष्टिकोन रूढ झाला.

प्रकार

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये मांडलेले वर्गीकरण सर्वाधिक प्रचलित आहे. मानके कोणाकडून येतात आणि ती कोणाला लावली जातात, यांवरून त्यांनी तीन प्रकार केले.

१. स्वाभिमुख परिपूर्णतावाद: व्यक्ती स्वतःसाठी उंच मानके ठरवते आणि स्वतःवरच कठोर टीका करते. वही पहिल्या पानापासून स्वच्छ असावी म्हणून खाडाखोड झालेले पान फाडून टाकणारा विद्यार्थी हे याचे परिचित उदाहरण होय.

२. पराभिमुख परिपूर्णतावाद: येथे मानके इतरांवर लादली जातात. सहकारी, जोडीदार किंवा अपत्य यांच्या कामात सतत उणिवा काढणे, काम सोपवल्यावरही ते स्वतः पुन्हा करणे, ही त्याची लक्षणे. याचा त्रास मुख्यतः भोवतालच्या व्यक्तींना होतो.

३. समाजापेक्षित परिपूर्णतावाद: 'लोक माझ्याकडून निर्दोषत्वाचीच अपेक्षा करतात आणि मी चुकलो तर मला स्वीकारणार नाहीत', अशी येथे व्यक्तीची समजूत असते. अपेक्षा प्रत्यक्षात तेवढी असो वा नसो, ती तशी आहे ही जाणीवच निर्णायक ठरते. मानक दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे ते गाठल्याची खात्री कधीच पटत नाही. नैराश्य, असहायता आणि आत्महत्येचे विचार यांच्याशी या प्रकाराचा संबंध इतर दोहोंपेक्षा अधिक सातत्याने आढळला आहे.

योआखिम स्टोबर आणि कॅथलीन ओटो यांनी २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दोन व्यापक परिमाणे पुढे ठेवली: 'परिपूर्णतेचा ध्यास' आणि 'परिपूर्णतेची चिंता'. पहिल्यात उंच ध्येये व त्यांसाठीचे परिश्रम येतात. दुसऱ्यात चुकांची धास्ती, केलेल्या कामाविषयीची शंका आणि इतरांच्या नापसंतीचे भय. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात. परंतु अपाय प्रामुख्याने दुसऱ्या परिमाणाशी निगडित आढळतो. याशिवाय, इतरांसमोर निर्दोष दिसण्याची आणि उणिवा दडवण्याची धडपड हा 'परिपूर्ण आत्मसादरीकरण' नावाचा वेगळा पैलू मानला जातो.

मापन

परिपूर्णतावाद मोजण्यासाठी स्वयंमूल्यमापनाच्या प्रश्नावल्या वापरल्या जातात. रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीत ३५ विधाने असून ती सहा घटकांत विभागली आहेत: चुकांची धास्ती, वैयक्तिक मानके, पालकांच्या अपेक्षा, पालकांची टीका, कृतींविषयी शंका आणि नीटनेटकेपणा. ह्यूइट व फ्लेट यांच्या श्रेणीत ४५ विधाने आहेत. रॉबर्ट स्लेनी व सहकाऱ्यांच्या श्रेणीत 'तफावत' हा घटक महत्त्वाचा मानला आहे. आपण कुठे असायला हवे होते आणि प्रत्यक्षात कुठे आहोत, यांतील जाणवणारे अंतर म्हणजे तफावत. या श्रेणींवरील गुणांवरून केवळ प्रवृत्तीची तीव्रता कळते. त्यांच्या आधारे आजाराचे निदान होत नाही.

मनोव्यापार: दुष्टचक्र

रोझ शफ्रान, झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये परिपूर्णतावाद टिकून कसा राहतो याचे प्रारूप मांडले. व्यक्ती एक कठोर मानक ठरवते. ते न गाठल्यास ती स्वतःला दोष देते. ते गाठल्यास 'हे मानकच सोपे होते' असे म्हणून ते आणखी उंच करते. परिणामी अपयशाचे दुःख पूर्ण मोजले जाते आणि यशाचे समाधान मात्र खात्यावर जमा होत नाही.

या चक्रातून दोन परस्परविरुद्ध वर्तने उद्भवतात. एक म्हणजे अतिरेकी पडताळणी: लिहिलेले पत्र दहादा वाचणे, एकच मोजमाप पुनःपुन्हा घेणे. दुसरे म्हणजे टाळाटाळ: उत्तम जमणार नसेल तर सुरुवातच न करणे. त्यामुळे आळशी वाटणारा विद्यार्थी प्रत्यक्षात परिपूर्णतावादी असू शकतो. परीक्षेत पहिल्या दोन उत्तरांवर निम्म्याहून अधिक वेळ घालवून शेवटचे प्रश्न कोरे ठेवणारा विद्यार्थी पहिल्या वर्तनाचे, तर प्रकल्पाची वही अखेरच्या रात्रीपर्यंत न उघडणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्तनाचे उदाहरण ठरतो.

कारणे

परिपूर्णतावादात आनुवंशिकतेचा काही वाटा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. कौटुंबिक वातावरणात तीन गोष्टींना महत्त्व दिले जाते: यशावर अवलंबून असलेली माया, सततची टीका आणि स्वतः परिपूर्णतावादी असलेल्या पालकांचे अनुकरण. शंभरपैकी पंच्याण्णव गुण मिळवून आलेल्या मुलाला 'उरलेले पाच कुठे गेले?' असा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर मिळवलेल्यापेक्षा हुकलेल्याकडे पाहण्याची सवय त्याच्यात रुजते.

सामाजिक कारणांमध्ये स्पर्धापरीक्षा, तुलना आणि समाजमाध्यमे यांचा विचार केला जातो. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील ४१,००० हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात परिपूर्णतावादाचे तिन्ही प्रकार वाढल्याचे आणि सर्वाधिक वाढ समाजापेक्षित प्रकारात झाल्याचे आढळले.

परिणाम

परिपूर्णतेची चिंता आणि मानसिक थकवा यांचा स्पष्ट संबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिल व करन यांच्या विश्लेषणात आढळला. ध्यासाच्या बाबतीत तो अत्यल्प किंवा उलट दिशेचा होता. कामाच्या ठिकाणच्या परिपूर्णतावादावरील अभ्यासांचे २०१८ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. परिपूर्णतावादी व्यक्ती अधिक तास काम करतात आणि अधिक ताण अनुभवतात. परंतु त्यांची कामगिरी इतरांपेक्षा सरस असतेच असे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. 'त्रास होतो, पण काम तरी उत्तम होते' या लोकप्रिय समजुतीला त्यामुळे धक्का बसतो.

काम पूर्ण होण्यात अडथळा आणणारा परिपूर्णतावाद हे अनिवार्य-सक्तीयुक्त व्यक्तिमत्त्वविकाराचे एक निदानलक्षण आहे. हा विकार आणि पुनःपुन्हा हात धुणे यांसारख्या कृतींतून दिसणारा मंत्रचळ हे दोन वेगळे विकार आहेत.

औद्योगिक गुणवत्ता आणि परिपूर्णतावाद: पिंपरी-चिंचवड व चाकण

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेला हा पट्टा भारतातील प्रमुख वाहन व अभियांत्रिकी उद्योगक्षेत्रांपैकी एक आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याच दशकात पिंपरीत टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि आकुर्डीत बजाज ऑटो यांचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे उद्योगांचा विस्तार चाकणकडे झाला. २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग भोसरी, चिखली व तळवडे परिसरांत आहेत.

या व्यवसायाच्या मुळाशी 'टॉलरन्स' ही संकल्पना आहे. आराखड्यात दांड्याचा व्यास '२५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२' असा लिहिलेला असेल, तर २४.९८ ते २५.०२ मिलिमीटर या मर्यादेतील प्रत्येक दांडा स्वीकारार्ह असतो. नेमका २५ मिलिमीटरचा दांडा कोणतेही यंत्र सातत्याने देऊ शकत नाही. हत्याराची झीज, तापमान आणि कच्च्या मालातील फरक यांमुळे थोडी तफावत राहतेच. ती तफावत गृहीत धरून तिची मर्यादा आधीच ठरवणे, हे अभियांत्रिकीचे वैशिष्ट्य होय. 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन टोके असलेल्या गेजने भाग तपासणारा कामगार दांडा परिपूर्ण आहे का, हे पाहत नाही. तो मर्यादेत आहे का, एवढेच पाहतो. गरजेपेक्षा घट्ट टॉलरन्स देणे हा आराखड्याचा दोषच मानला जातो, कारण त्यामुळे खर्च वाढतो, चांगला माल बाद होतो आणि उपयोगात काहीच भर पडत नाही.

याचा अर्थ मर्यादेत बसले की प्रयत्न संपले, असा होत नाही. लक्ष्यमूल्यापासून अंतर वाढते तसे नुकसानही वाढते, असे जपानी अभियंते गेनिची तागुची यांनी प्रतिपादन केले. लक्ष्य नेमके ठेवावे आणि तफावत सातत्याने कमी करत जावी, परंतु प्रत्येक तफावतीला गुन्हा मानू नये, अशी ही भूमिका आहे. मानसशास्त्राच्या परिभाषेत ती परिपूर्णतेच्या ध्यासाशी जुळते, चिंतेशी नाही.

दुसऱ्या बाजूला, उद्योगांत 'शून्य दोष' ही घोषणाही प्रचलित आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलिप क्रॉसबी यांच्या पुढाकाराने ती पुढे आली. मोटोरोला कंपनीने १९८६ पासून राबवलेल्या 'सिक्स सिग्मा' पद्धतीत दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे उद्दिष्ट असते. अशी उद्दिष्टे प्रक्रियेला लावली जातात तेव्हा ती उपयुक्त ठरतात. तीच व्यक्तीच्या प्रतिष्ठेला लावली गेली की समाजापेक्षित परिपूर्णतावादाला पोषक वातावरण तयार होते. वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीत मानक ग्राहक कंपनीकडून पुरवठादाराकडे आणि तेथून लहान जॉबवर्क करणाऱ्या कार्यशाळेकडे उतरत जाते. शेवटच्या यंत्रचालकाला ते कोणी व का ठरवले हे दिसत नाही. त्याला फक्त रिजेक्शनचा आकडा दिसतो.

अशा वातावरणाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे चूक दडवणे. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले नेतृत्व व चांगले परस्परसंबंध असलेल्या विभागांत चुकांच्या नोंदी कमी नव्हे, तर अधिक आढळल्या. तेथे चुका बोलून दाखवण्याची भीती कमी होती, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. हेच कारखान्यालाही लागू पडते: बिघडलेला भाग लाल खोक्यात टाकण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याच्या हातून तो चांगल्या मालात मिसळण्याचा संभव वाढतो. म्हणजेच चुकीविषयीची असहिष्णुता अचूकतेलाच बाधक ठरू शकते.

गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आपल्या चौदा सूत्रांत भीती हद्दपार करण्याचा आग्रह धरला आणि कामगारांना शून्य दोषाची साद घालणाऱ्या घोषणा काढून टाकण्यास सांगितले. बहुतेक दोषांचे मूळ व्यक्तीत नसून व्यवस्थेत असते, असे त्यांचे म्हणणे होते. शिगेओ शिंगो यांची 'पोका-योके' पद्धत याच विचारावर आधारलेली आहे: भाग उलटा बसणारच नाही अशी रचना केली की कामगाराच्या सततच्या सावधतेवर विसंबावे लागत नाही. या पद्धतीला आधी 'मूर्खापासून बचाव' अशा अर्थाचे जपानी नाव होते. त्यामुळे एक कामगार स्त्री दुखावली गेल्याचे पाहून शिंगो यांनी ते बदलून 'चुकीपासून बचाव' या अर्थाचे नाव स्वीकारले. चूक आणि चुकणारा माणूस यांना वेगळे ठेवणे, हा या नामांतराचा आशय परिपूर्णतावादाच्या उपचारांतही मध्यवर्ती आहे.

मराठी परंपरेतील काटेकोरपणा

मराठी परंपरेत काटेकोरपणाला मान आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर असून त्यात अक्षर वाटोळे, सुटे व सारखे कसे असावे याचे बारकाईने विवेचन आहे. हा आग्रह कौशल्याचा आहे आणि तो सरावाने साध्य होतो, असे तेथे गृहीत आहे. भगवद्गीतेतील फलासक्ती सोडून कर्म करण्याची शिकवण याला पूरक आहे. निष्काळजीपणाला तीत थारा नाही. मात्र फळावरून स्वतःला जोखण्याची ओढ ती सैल करते. या शिकवणीची तुलना आधुनिक उपचारांतील 'काम आणि आत्ममूल्य वेगळे करणे' या तत्त्वाशी करता येते.

उपचार आणि उपाय

परिपूर्णतावादासाठी बोधात्मक वर्तनोपचार सर्वाधिक अभ्यासला गेला असून त्याने चुकांची धास्ती तसेच चिंता व नैराश्याची लक्षणे कमी होत असल्याचे दिसते. त्यात मुख्यतः पुढील तंत्रे वापरली जातात:

• वर्तनप्रयोग: मुद्दाम एखादे काम एकदाच तपासून पाठवणे आणि भाकीत केलेला अनर्थ प्रत्यक्षात घडतो का, हे नोंदवणे.
• श्रेणीने विचार करणे: 'उत्तम' किंवा 'टाकाऊ' या दोन खान्यांऐवजी कामाला शून्य ते शंभर या पट्टीवर बसवणे.
• मर्यादा आधी ठरवणे: कामाला किती वेळ द्यायचा आणि किती अचूकता पुरेशी आहे, हे सुरुवातीलाच निश्चित करणे. हे टॉलरन्सच्या संकल्पनेशी मिळतेजुळते आहे.
• आत्ममूल्याचा पाया रुंदावणे: नाती, छंद, आरोग्य यांनाही स्वतःच्या मूल्यमापनात स्थान देणे.
• आत्मकरुणा: चुकलेल्या मित्राशी जसे बोलू तसे स्वतःशी बोलणे.

एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत 'झालेच पाहिजे' या हट्टाचे 'झाले तर फार बरे' अशा तीव्र पण लवचिक इच्छेत रूपांतर केले जाते. ध्येय खाली आणले जात नाही. ही पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचे कार्य महत्त्वाचे आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्थाही तिचा प्रसार करते.

झोप, भूक किंवा नातेसंबंध बिघडत असतील, काम पूर्ण होणे अशक्य झाले असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक असते. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.

मतभेद

'आरोग्यदायी परिपूर्णतावाद' असा काही प्रकार असतो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. हमाचेक यांच्या परंपरेतील अभ्यासक त्याचे अस्तित्व मान्य करतात. ह्यूइट व फ्लेट यांच्या मते परिपूर्णतावाद मुळातच असुरक्षिततेतून येतो. त्यामुळे अनुकूल परिस्थितीत तो निरुपद्रवी वाटला तरी अपयशाच्या प्रसंगी त्याचा अपाय प्रकट होतो. पॅट्रिक गॉड्रो यांनी २०१९ मध्ये हा पेच सोडवण्यासाठी 'उत्कृष्टतावाद' अशी स्वतंत्र संज्ञा सुचवली. उंच पण गाठता येण्याजोग्या मानकांकडे लवचिकपणे वाटचाल करणे म्हणजे उत्कृष्टतावाद, तर त्यापलीकडे जाऊन निर्दोषत्वाचाच हट्ट धरणे म्हणजे परिपूर्णतावाद, असे ते मानतात.

या संशोधनाचा बहुतांश भाग पाश्चात्त्य देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आधारलेला आहे, हीदेखील त्याची एक मर्यादा मानली जाते. कुटुंबाच्या अपेक्षा पूर्ण करणे हे जेथे कर्तव्य समजले जाते, अशा समाजांत अपेक्षांचा भार आणि अपेक्षांचा आधार यांतील सीमारेषा वेगळी असू शकते. पाश्चात्त्य मापनश्रेणींवरील गुणांचा अर्थ लावताना याचे भान ठेवावे लागते.